निवट्या आणि तापलेला विळा

माझा बाप वाईट माणूस नव्हता, असं लोक मला अजून सांगतात. सांगोत बापडे. त्यांच्या पाठीत त्याची काठी बसली नव्हती. माझ्या बसली होती, आयेच्या बसली होती, बैलांच्या तर रोजच बसायची. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. आमच्या खारेपाटात तेव्हा मारण्याचं कुणाला काही वाटत नसे. घरोघरी जशा मातीच्या चुली, तशा घरोघरी काठ्या. पण माझ्या चार वर्षांच्या भावाला जे करायचं ठरलं होतं ते आठवलं की या वयातही माझं डोकं फिरतं.

आमची शेती खाडीला लागून होती. मध्ये मातीचा लांब बांध. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. बांधात लाकडी झडपेची उघाडी होती. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत बंद करायची. ज्याने उघाडी उघडली त्याने ती बंद होईपर्यंत तिथून हलायचं नाही, हा गावचा नियम. देवाची शपथ एक वेळ मोडली तर चालायची, हा नियम मोडायचा नाही. कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नसे.

माझा काका, बापाचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा आणि मोठा हसरा. त्याला माशाचं भारी वेड. भादव्यात, भात पोटरीला आलेलं असताना, त्याने ओहोटीला उघाडी उघडली आणि तिच्या तोंडाशी जाळं लावलं. जिताडा मिळाला असता तर घरात सण झाला असता. माझा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर होता. तो कायम काकाच्या मानेवरच बसलेला असायचा. काकाने ताडी घेतली आणि बांधावर त्याचा डोळा लागला. भरती फिरली. पोर बिचारं आनंदाने टाळ्या पिटत राहिलं, कारण पाणी आत येताना फार सुंदर दिसतं.

बाप धावत आला तेव्हा अर्धं शेत बुडालं होतं. मी त्याच्या मागे होते. त्याने आधी उघाडी बंद केली आणि मग फावडं उचललं. काकाने हात जोडले, "दादा, चुकलो, दादा!" बापाने दांडा त्याच्या कानावर घातला. मग खांद्यावर, मग पाठीवर, मग परत डोक्यावर. माझा भाऊ काकाच्या पायाला मिठी मारून होता आणि काकाचं रक्त त्याच्या टाळूवर गळत होतं. गावातल्या लोकांनी बापाला मागून धरलं नसतं तर त्या दिवशी आमच्या घरात खून पडला असता. काका जगला. डोक्याला फडकं बांधून रेवसला गेला, बोटीत बसला, तो मुंबईचाच झाला. त्याचा एक कान कायमचा गेला, असं पुढे कळलं.

आणि माझ्या भावाचं बोलणं गेलं.

आधी दिवसभर चिमणीगत चिवचिव करणारं पोर ते. आता दारामागे बसायचं. बाप घरात आला की त्याची चड्डी ओली व्हायची. त्याने हसणंही सोडलं. बापाने पहिल्यांदा गोडीत विचारलं, मग ओरडून, मग थोबाडीत ठेवून दिली. "बोल! मुका हायस का? बोल!" मार खाऊनही पोर आवाज न करता रडायचं. नुसतं तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी. मला ते बघवत नसे.

गाव म्हणालं, बांधावरचं भूत लागलं. बापाला ते एकदम पटलं. पटणारच! भुताने केलं म्हटलं की आपण सुटलो. मी एकदा जेवताना बोलून गेले, "तू काकाला मारलास तवापासून तो बोलत न्हाय." ताट उडालं, भात भिंतीला, आणि मी अंगणात. आये मधे पडली तर तिच्याही पाठीत लाथ बसली. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

मग भगत आला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, पोर ठसकून ठसकून निळं पडलं. निंबाच्या ओल्या फोकाने पाय झोडपले. काही झालं नाही. तेव्हा भगत म्हणाला, "आता अवसेला सकाळी डाग देऊ. पोटावर तीन, टाळूवर एक. न्हाय ओरडला तर माझं नाव बदला."

डाग म्हणजे काय ते आम्हाला पक्कं माहीत होतं. विळा लाल होईपर्यंत चुलीत ठेवायचा आणि उघड्या अंगावर टेकवायचा. आमच्या शेजारच्या पोरीला कावीळ झाली म्हणून असाच पोटाला दिला होता. तो चिघळला, त्यात पू झाला आणि ती पोर तापाने तडफडून मेली. तिची आई भिंतीवर डोकं आपटत होती ते मी पाहिलं होतं. तिचं पोट वीतभर होतं, माझ्या भावाचंही तेवढंच. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय! मी आयेला म्हटलं, "तो मरंल." आये म्हणाली, "तुझ्या बापाला कोण सांगंल?" आणि चुलीत फुंकर मारत बसली. मला तिचा असा राग आला की तिची फुंकणी घेऊन मोडावी.

आता निवट्यांचं सांगते.

घरात पोर कोंडून कोंडून आणखी मुकं होईल, म्हणून बाप बाहेर गेला की मी त्याला कमरेवर घेऊन उघाडीपासून लांब, तिवरांच्या झाडीकडे न्यायची. ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो, लोण्यासारखा मऊ. त्यात निवट्या असतात. बोटभर मासा, डोळे डोक्याच्या वर काढलेले, आणि मासा असून पाण्याबाहेर फिरतो. चिखलात सरपटतो, मध्येच टुणकन उडी मारतो, आपल्या जातभाईच्या अंगावर पडतो, मग दोघेही पाठीवरचे पर उभारून भांडतात. तिथेच बारके खेकडे असतात. त्यांची एक नांगी लाल आणि अंगापेक्षा मोठी, ती हलवून ते एकमेकांना बोलावत बसतात. आम्ही चिखलात मांडी घालून बसायचो. मी काही बोलत नसे. त्याला बोल असं जग म्हणतच होतं, मी कशाला म्हणू?

पहिल्या दिवशी तो नुसता बघत राहिला. नंतर बोट चिखलात घालायला लागला. मग चिखल माझ्या गालाला फासायला लागला. एकदा एक निवटी उडाली ती नेमकी त्याच्या मांडीवर, आणि पोराच्या घशातून हसण्याचा आवाज आला. हो, आवाज! मी पळत घरी येऊन आयेला सांगितलं. तिने बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "माझ्यासमोर हसव."

म्हणून मी मडक्यात निवट्या भरून घरी आणल्या. ओटीवर सोडल्या. बाप समोर कमरेवर हात ठेवून उभा. निवट्या कोरड्या शेणसारवणावर तडफडल्या, पोर दारामागे गेलं आणि त्याची चड्डी ओली झाली. "खोटारडी!" बाप म्हणाला आणि माझे केस धरून मला फरफटत बाहेर नेलं. वर दम दिला, "खाडीवर गेलीस तर तंगडी मोडीन."

अवस आली. आयेने पहाटे विळा घासून ठेवला. घासलाच, मेलीने! बाप भगताला आणायला गेला आणि मी भावाला उचलून तिवरांकडे पळाले. तंगडी मोडली तर मोडली. त्याला लपवून ठेवायचं एवढंच डोक्यात होतं. पुढचा काही विचार नव्हता.

अवसेची ओहोटी लांब गेलेली. चिखल कोवळं ऊन पडून चमकत होता आणि निवट्यांचा नुसता धिंगाणा. एक मोठा निवटा दुसऱ्याच्या बिळात शिरायला गेला, आतल्याने त्याला ढुशी देऊन बाहेर काढलं, तो उताणा पडला, उठला, परत गेला, परत उताणा. माझा भाऊ पोट धरून हसला. आणि हसता हसता मला म्हणाला, "बाय, त्यो बघ, परत पडला!"

अडीच महिन्यांनी. मी रडायलाच लागले.

मागे बांधावर बाप उभा होता. कधीपासून होता देव जाणे. हातात काठी. पण त्याने ऐकलं होतं, तोंड उघडं पडलं होतं त्याचं. तो खाली उतरला. "बोल रं माझ्या पोऱ्या, परत बोल." भावाने मान वळवली, बापाला पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी मेलं. बाप चिखल तुडवत आला, त्याने पोराचे दोन्ही खांदे धरले. "आता बोललास ना? मग बोल ना! बोल!" आवाज चढला. पोराची मान गदागदा हलायला लागली. हात वर गेला.

मी बापाच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्याने मला झटकलं, माझा पुढचा दात पडला. मी चिखलातून उठून ओरडले, "भूत बांधावर न्हाय! भूत तू हायस! तुला बघितलं की तो मुका व्हतो! तू मेलास तर तो बोलंल!"

बापाने काठी उचलली. मी डोळे मिटले. काठी बसली नाही. डोळे उघडले तर तो पोराकडे बघत होता. पोर चिखलात तोंड खुपसून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन पडलं होतं. काकाने त्या दिवशी शेवटी घेतले होते तसेच.

बाप घराकडे चालायला लागला. मी भावाला घेऊन मागे, कारण जायला दुसरी जागा कुठे होती? घरी भगत बसला होता. चुलीत विळा लाल झाला होता. आये भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक. अंगणात गाव जमलं होतं. भगत म्हणाला, "धरा पोराला."

बाप म्हणाला, "पोराला काय झाला न्हाय. भूत त्याच्यात न्हाय."

"मग कुनात हाय?"

बापाने फडक्याने विळ्याची मूठ धरली आणि विळा बाहेर ओढला. मला वाटलं आता तो भगताला मारणार. त्याने स्वतःचा उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हातातला विळा त्या हातावर टेकवला. चर्र झालं. मांस जळाल्याचा वास सगळ्या घरात भरला. त्याने दातावर दात दाबले होते, पण शेवटी त्याच्या तोंडून जनावराची निघावी तशी आरोळी निघाली. आयेने धावत येऊन विळा लाथेने उडवला. भगत आपली झोळी घेऊन उठला तो मागे न बघता गेला. त्याच्या मागे गावही पांगलं.

त्या दिवशी माझा भाऊ काही बोलला नाही. बापाने त्याला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला घेऊन तिवरांकडे गेले. या वेळी कुणापासून न लपवता गेले. थोड्या वेळाने बाप बांधावर आला. हाताला फडकं गुंडाळलेलं. भाऊ माझ्या मांडीत शिरला. बाप आमच्यापासून लांब थांबला, आमच्याकडे पाठ केली आणि शेताकडे तोंड करून बसला. बसूनच राहिला. मी भावाचं तोंड चिखलाकडे वळवलं. बराच वेळ गेला. निवट्या उडत होत्या. मग एक निवटी उताणी पडली आणि पोर हसलं. आधी हळू, मग मोठ्याने. बांधावर बापाची पाठ हलायला लागली. तो रडत होता, हे मला पाठीवरूनही कळत होतं. पण आमचं खेळून होईपर्यंत त्याने मान वळवली नाही.