रांगेतली रिकामी जागा

गोवा राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डिचोलीकडे कॉम्प्युटर तसे नवेच. एका खाणीच्या ऑफिसात मी प्रोग्रॅम लिहायचे. ट्रकांची पाळी लावणारा प्रोग्रॅम माझाच. सकाळी तो डेटाबेसमधून सगळे ट्रक उचलून एका कलेक्शनमध्ये, म्हणजे मेमरीतल्या रांगेत, उभे करायचा, रद्द झालेले काढायचा आणि एकेकाची चिठ्ठी छापायचा. नवऱ्याचा ट्रकही त्या रांगेत. "मला जरा पुढे घाल गो," म्हणून तो रोज छळायचा.

खनिज उतरवायच्या धक्क्याच्या वाटेवर उतारात त्याचा ट्रक उलटला. तो जागच्या जागी गेला.

सुतकातच ऑफिसचे साहेब घरी आले. दारातच उभे राहिले. "बाई, कसं सांगू... त्याचा ट्रक रद्द केला आणि प्रोग्रॅम तिथेच बंद पडतोय. मागचे सगळे उभे आहेत." असा संताप आला मला! राख अजून निवली नाही, आणि ह्यांना खाणीच्या मातीची पडलीय! पण उभे होते ते त्याचेच सोबती. सासू डोळे पुसत म्हणाली, "वच गो बाये. ताच्या इश्टांक उबे दवरूं नाका."

त्याच्या मित्रांसाठी म्हणून गेले. दोष लगेच सापडला. कलेक्शनमधून मधलं एक काढलं की तिथे भोक राहतं, मागचे आपोआप पुढे सरकत नाहीत. प्रोग्रॅम एक, दोन, तीन करत त्या भोकाशी यायचा आणि कोसळायचा. तोवर एकही ट्रक रद्द झाला नव्हता, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं.

"मागच्यांना एकेक नंबर पुढे घ्या, मिटलं," साहेब म्हणाले.

"काय मिटलं?" मी ओरडलेच. "त्याच्या जागेवर कुणी येणार नाही!"

मग नेक्स्ट वापरायचं ठरवलं. नेक्स्ट म्हणजे, मध्ये कुणी नसेल तर अडू नको, पुढे जो आहे त्याच्याकडे जा. एवढीच एक ओळ. पण ती दोनदा लिहून पुसली, तिसऱ्यांदा ठेवली. साहेब तोंड फिरवून उभे राहिले.

चिठ्ठ्या छापू लागल्या. मी जनेलातून बघत होते. ट्रक निघाले. रांगेत नवऱ्याच्या मागे असलेला ट्रक फाटकापाशी जरा थांबला, मग तोही गेला.

त्याची जागा राखायला मी भांडले, आणि तिथे न थांबता पुढे जायचं ते प्रोग्रॅमला मीच शिकवलं. मेजावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले.