मूळ संचातून काढलेला आवाज

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते. राजूरच्या गणपतीपासून पायी जाता येईल अशा एका गावातल्या आंधळ्या मुलीवर. माझ्याच वयाची आहे. मी पत्रकात 'दृष्टिहीन' लिहिलं की म्हणते, "आंधळी लिही, मला काय दिसून राह्यलंय?" कधी झाला? भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, बुद्धविहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत. मी तिथेच होते.

तिच्याकडे आधी काय होतं ते कळल्याशिवाय काय गेलं ते कळणार नाही.

आम्ही काही जण जालना जिल्ह्यात लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा करतो, दुरुस्त करतो आणि गावोगावच्या अभ्यासिकांना देतो. त्यांवर मुक्त सॉफ्टवेअर टाकतो. म्हणजे ज्याला मालक नाही, ज्याला पैसे पडत नाहीत, जगभरातले लोक आपापल्या घरी बसून जे मिळून बनवतात ते. 'सॉफ्टवेअर सर्वांचं!' अशी पत्रकं मी लिहिली, आठवडी बाजारात उभं राहून वाटली. आज तो 'सर्वांचं' शब्द लिहायचा म्हटलं की चीड येते.

त्या सॉफ्टवेअरसोबत मराठी वाचणारा एक आवाज यायचा. पुरुषी, खरखरीत, सगळं एका सुरात वाचणारा. तिने त्याचं नाव ठेवलं होतं 'तलाठी'. का, तर कुणाचं कितीही दुःख असो, सूर तोच. मशीन सुरू केलं की तलाठी आपोआप बोलू लागायचा, मधे कुणा डोळसाची गरज नसायची. ती मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. तिची पुस्तकं आम्ही टाईप करून मशीनमध्ये भरली होती. तलाठ्याच्या आधी वहिनी वाचून दाखवायची, दिवसभर कापूस वेचून आल्यावर.

"वहिनी पानं गाळायची," ती मला वहिनीच्या देखत सांगायची.

"गाळीन न्हाई तर काय करीन? तुझी ती संसद संपतच न्हाई!" वहिनी म्हणायची.

तलाठ्याने कधी पान गाळलं नाही. त्याच्या जिवावर ती दोन वर्षं पास झाली. तिसरं राहिलं होतं, परीक्षा उन्हाळ्यात. घरच्यांनी सांगून टाकलं होतं, यंदा झालं तर झालं, न्हाईतर बस्स.

दिवाळीच्या आधी वीज खालीवर झाली आणि जुनं मशीन जळालं. बदनापूरला विज्ञान शिकवणारे एक सर आमचं तांत्रिक काम बघतात. त्यांनी दुसरं मशीन मिळवलं, थोडं नवं. त्यावर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती चालेना, म्हणून नवी टाकली. आम्ही खुशीत होतो. मशीन घेऊन आम्ही दोघं एसटीने गेल्तो, मांडीवर धरून.

ती खुर्चीत बसली, वहिनी दाराशी उभी. मी बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं. ती कान देऊन थांबली.

"चालू केलं का?"

"केलंय."

"मंग तलाठी रजेवर हाय का?"

सरांनी स्पीकरची वायर काढून परत लावली. एक भीमगीत वाजवून बघितलं, ते बराबर वाजलं. ती हसली. "हे छान हाय सर, पण माझा माणूस लावा." सरांनी आत काहीतरी शोधलं, परत शोधलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. हलवलेली मान तिला दिसत नव्हती. म्हणून मला तोंडाने सांगावं लागलं.

"काढून टाकलाय त्याला."

"कुणी?"

कुणी, हे मी नंतर शोधलं. अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक छोट्या कामाचं एक पॅकेज असतं. काही पॅकेजं मूळ संचात असतात, ती सोबतच येतात. बाकीची बाहेर ठेवलेली, ज्याला हवं त्याने नेटवरून उतरवून घ्यायची. आमचा आवाज मूळ संचातून बाहेर टाकला होता. त्याची चर्चा नेटवर सगळ्यांना वाचता येते. मी सरांना शेजारी बसवून वाचली. चर्चा म्हणजे काय, एकाने लिहिलं, हे पॅकेज फारसं कुणी वापरत नाही, मूळ संचात कशाला? दुसऱ्याने लिहिलं, बरोबर. तिसऱ्याने नुसता अंगठा लावला. झालं! आमच्या गावात रस्त्यावरची बाभूळ तोडायची तरी याहून जास्त लोक भांडतात.

'फारसं कुणी वापरत नाही' हे त्यांना कसं कळलं? किती जणांनी उतरवलं, यावरून. आणि आम्ही कसं उतरवतो? सर बदनापूरला एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर घेतात. मग तो पेनड्राइव्ह, जेवणाचा डबा पाठवावा तसा, एसटीच्या कंडक्टरकडे देतात. जालना, भोकरदन, राजूर. जिथे पोचेल तिथे मशीनवर चढवायचा आणि पुढच्या गाडीने पुढे धाडायचा. अभ्यासिकांमध्ये नेट नाहीच. म्हणजे तिकडे हिशेबात आम्ही सगळे मिळून एक. आख्ख्या तालुक्यांचा एक माणूस! त्या एकासाठी कोण कशाला ठेवील?

सरांनी मशीन परत बदनापूरला नेलं, नेट जोडलं आणि बाहेर ठेवलेलं पॅकेज उतरवलं. नव्या आवृत्तीवर ते चढेना, मशीन तसंच मुकं परत अभ्यासिकेत आलं. मूळ संचातल्या पॅकेजांची प्रत्येक आवृत्तीला तपासणी होते. बाहेरच्यांकडे कुणी बघत नाही. 'बाहेर ठेवलंय, काढलेलं नाही' असं म्हणतात ना, त्याचा अर्थ मला तेव्हा समजला.

हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांना मी लिहिलं. माझ्या पद्धतीने लिहिलं, म्हणजे शिव्या सोडून सगळं. सरांनी त्याचं इंग्रजी केलं आणि अर्धी धार काढून टाकली. उत्तर दोन दिवसांत आलं. लिहिणारा कुठल्या देशातला माहीत नाही, पण माणूस सभ्य होता, आणि थकलेला वाटला. म्हणाला, वाईट वाटलं. पण हे पॅकेज सांभाळणारा माणूस कधीच सोडून गेला. मूळ संचात ठेवलेलं प्रत्येक पॅकेज कुणीतरी दुरुस्त करत राहावं लागतं, आणि आम्ही मूठभर लोक नोकऱ्या सांभाळून हे करतो. पुढच्या आवृत्तीची यादी बंद व्हायच्या आत कुणी जबाबदारी घेतली तर आम्ही ते परत आत घेऊ. तुम्ही घ्याल का?

मला त्याच्यावर चिडायचं होतं. चिडले पण. मूळ संचात पत्त्यांचे खेळ आहेत, ते कोण सांभाळतं? पण जबाबदारी घ्यायची कुणी? मला पत्रक लिहिता येतं, प्रोग्राम लिहिता येत नाही. सर शाळा सुटल्यावर रोज बसायला लागले. विज्ञानाचा मास्तर, वय पन्नाशीचं. महिनाभराने म्हणाले, "मला न्हाई जमत पोरी. मी एक जागा नीट करतो अन् दुसरी बिघडते."

तोवर वहिनी परत वाचू लागली. सोयाबीन काढून झालं होतं, पण कापूस वेचायचा होता. ती चार ओळी वाचायची आणि डुलक्या घ्यायची. गावातल्या एकाने मला सुनावलं, "आजकाल मोबाईल बोलतो की. कशाला एवढा गवगवा?" मोबाईल भावाचा आहे, तो भावासोबत शेतात जातो. आणि वर्षभराचे स्वाध्याय मोबाईलवर लिहायचे तर तुम्ही लिहून दाखवा.

मागच्या आठवड्यात मी गेले तर ती अभ्यासिकेत मशीनसमोर बसून टाईप करत होती. आवाजाशिवाय. बोटांना कीबोर्डच्या कळा पाठ आहेत.

"काय करून राह्यली तू?"

"स्वाध्याय. राज्यपालाचे अधिकार. सकाळपासून बसले. वाच बरं, जमलंय का?"

मी वाकून बघितलं. पानभर इंग्रजी अक्षरं होती. सुरुवातीलाच कुठलीतरी कळ चुकून दाबली गेली होती आणि मराठी बंद पडलं होतं. तलाठी असता तर पहिल्याच अक्षराला सांगितलं असतं. मी पान वरपासून खालपर्यंत परत बघितलं. एक शब्दही मराठी नव्हता.

"एवढा वेळ लागत न्हाई वाचायला," ती म्हणाली. आणि मग, "पुसून टाक."

मी पुसलं. तिने खुर्ची पुढे ओढली. "आता मराठी लावून दे अन् तू जा, तुझी गाडी जाईल." मी दाराबाहेर पडले तरी कळांचा आवाज येत होता. राज्यपाल परत पहिल्यापासून.

यादी उन्हाळ्याच्या आधी बंद होते. आम्ही विचारायचं तेवढ्यांना विचारलं. हो म्हणतात, मग फोन उचलत नाहीत. म्हणून आता तुम्हाला. तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला दिसतं, किंवा तुमचा आवाज अजून कुणी काढलेला नाही. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात प्रोग्रामिंग शिकलेलं कुणीतरी आहेच. पुण्यात असेल, हैदराबादेत असेल. मला सहानुभूती नको, माझं पत्रक पुढे पाठवू नका. त्या माणसाला आज फोन लावा आणि हे एक पॅकेज सांभाळायला बसवा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर वाचन इथेच थांबवा आणि कामाला लागा.