तानाबाईच्या मुलखाचा कायदा

आमच्या गल्लीतल्या तानाबाईला लोक अर्धवट म्हणायचे. मी म्हणत नव्हते, कारण तिच्या वह्या मी वाचल्या होत्या.

दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणारी ही बाई दुपारी गोठ्यात बसून एका अख्ख्या मुलखाचा इतिहास लिहायची. म्हैसमुलूख. तिथं म्हशी दोन पायांवर चालतात, चावडीत बसून निवाडे करतात आणि बगळे त्यांचे कारकून असतात. भाषाही प्रत्येकाची निराळी. बगळ्यांच्या भाषेत फक्त होऊन गेलेलंच सांगता येतं, कारण ते म्हशींच्या पाठीवर शेपटीकडं तोंड करून बसतात. कावळ्यांकडं ‘माझं’ म्हणायला वीस शब्द. म्हशींची भाषा मोजक्या हुंकारांची, आणि तिच्यात खोटं बोलताच येत नाही. हे हुंकार तिनं आपल्या चंद्रीला रेडकू असल्यापासून शिकवले होते. जीभ दोनदा टाळ्याला लावून लांब ‘होऽम’ केलं, की चंद्री खाली बसायची.

मग नवरा गेला. बाराव्याच्या पंगती उठायच्या आत धाकटा दीर हंबीरराव गोठ्यात शिरला आणि चंद्रीला सोडून घेऊन गेला. “घरची म्हस घरातच ऱ्हायली की,” म्हणाला. भावकीतलं एक माणूस तोंड उघडेल तर शपथ! मीही गप्प बसले, त्याची लाज अजून वाटते.

त्यानंतर तानाबाईच्या वहीत लांडगा आला. पागोटं घालून सुतकाच्या घरातून म्हशी चोरणारा. चावडीनं त्याला शिक्षा फर्मावली. मारायचं नाही, हाकलायचं नाही. त्याच्या मिरवणुकीच्या दिवशी म्हशींनी भर रस्त्यात बसायचं.

चंद्री चार घरं सोडून बांधलेली असायची. तरी दोन वर्षं तानाबाईनं तो हुंकार तोंडातून काढला नाही.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला हंबीररावानं चंद्रीला नदीवर धुतलं, शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली आणि तिच्या पोटावर स्वतःचं नाव रंगवलं. पाडव्याला आमच्याकडं मालक मोटारसायकल पळवतो आणि म्हैस गर्दीतून त्याच्यामागं धावते. वर्षभराची इज्जत त्यावर. हंबीररावाची फटफटी फाडफाड करत सुटली, मागं चंद्री. ती आमच्यासमोर आली, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

“होऽम.”

चंद्री बसली. हंबीरराव हाका मारतोय, शेपटी पिरगाळतोय, चार गडी ढकलतायत, ती ढिम्म. मागं वीस-पंचवीस म्हशी खोळंबल्या. शिट्ट्या सुरू झाल्या. मला तर इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी घामानं निथळत तो तानाबाईपुढं आला.

“वैनी, पाया पडतो. उठवा की तिला.”

“कुणाची म्हस हाय?”

“तुमची.”

“मोठ्यानं बोला.”

“तुमची हाय, वैनी! घेऊन जावा, पर आता उठवा!”

गल्लीनं ऐकलं. तानाबाईनं पदर सावरला.

“उठायचा शब्द अजून तयार केलाच न्हाय, भावजी. बसा तिच्याशेजारी.”

तो शब्द पहिल्या वहीच्या तिसऱ्या पानावर आहे. मी तानाबाईच्या खांद्याला खांदा लावून उभी होते, आणि या वेळी मुद्दाम गप्प बसले.