बायची गाठ

आमच्या बागेतलं कारंजं पूर्वी इतकं उंच उडायचं, की तारापूरच्या किल्ल्यावर वाळत घातलेल्या मिरच्या भिजायच्या. दिशा चुकलेले होडीवाले त्या पाण्याकडे बघून किनाऱ्याला लागायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी आलो तेव्हा कारंज्यात बेडूक राहत होते, आणि तेही म्हातारे. पण ज्या बाईने मला हे सांगितलं तिने पाहिलं होतं. तिनेही पाहिलं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. कळून उपयोग काय? तोवर मी ते बोईसर स्टेशनपासून चिंचणीपर्यंत सांगून मोकळा झालो होतो.

बाग पाम गावाच्या पुढे, समुद्राच्या अंगाला. कुणा कापसाच्या व्यापाऱ्याने तुमच्या-माझ्या पणजोबांच्या काळात आखून घेतलेली. त्याच्या बंगल्याच्या आता पायऱ्याच उरल्यात. पण त्या पायऱ्यांवर उभं राहा. दोन्ही बाजूंना सुरूच्या रांगा, मधून लाल मातीची वाट हळूहळू उतरत जाते, आणि टोकाला, जिथे नजर थेट समुद्रात पडणार, तिथे तिला झेलून धरणारं एकच एक चिकूचं झाड. त्या झाडाला आम्ही थोरली म्हणायचो. चिकूसाठी नावाजलेल्या घोलवडची माणसं मला मारायला येतील, पण या मुलखातला पहिला चिकू तिचाच. तिच्या सावलीत एका वेळी दोन वऱ्हाडं जेवायची आणि एकमेकांना दिसायचीसुद्धा नाहीत.

मी मूळचा घाटावरचा. वडील नोकरीसाठी इकडे आले, मी इथेच वाढलो आणि बोईसरला रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो. तिथे मला घाम यायचा तो जांभळा. बनियन जांभळी, उशी जांभळी. उन्हात उभा राहिलो तर सावलीसुद्धा जांभळट पडायची. एक दिवस ठेकेदार म्हणाला, "कल से मत आना." मी म्हटलं, "और परसों?" तो हसलाही नाही. त्याच महिन्यात बाग सांभाळणाऱ्या ट्रस्टला शिकाऊ माळी हवे होते. मी तिशी ओलांडलेला शिकाऊ. गेटवर एक बाई खराटा घेऊन उभी होती. तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

"ह्ये काय? वांगी चोळून आलास कं?"

"कंपनीत होतो, बाय."

झालं. तेव्हापासून माझं नाव कंपनीवाला.

ती बागेची मुख्य माळीण. लहानथोर सगळे तिला बाय म्हणत. ती मुरबे गावची, मासेमाराच्या घरातली. अशी बाई झाडांच्या नादी कशी लागली, याच्या तिने मला ज्या कहाण्या सांगितल्या त्यांचा एकमेकींशी काही मेळ नव्हता. कधी म्हणायची, बोंबलाच्या वासाने उलट्या व्हायच्या म्हणून. कधी म्हणायची, नवऱ्याशी भांडून घरातून निघाले ते चालतच राहिले, रस्ता संपला तिथे हे गेट होतं. तिच्या तोंडी विनय नावाला नव्हता. "या बागेत अक्कल दोघींनाच. एक मी, दुसरी थोरली. आनि थोरली बोलत नाय, म्हनून मलाच बोलावं लागतं." गुलाबाचा एक अख्खा ताटवा तिने हट्टाने खाऱ्या वाऱ्यात लावला आणि तो मेला, तेव्हा खापर माझ्या जांभळ्या हातांवर फुटलं.

पहिले कित्येक महिने तिने मला झाडाला हात लावू दिला नाही. वाट झाडायची, दंताळ्याने मातीवर सरळ रेघा ओढायच्या आणि मग पायऱ्यांवर जाऊन बघायचं. रेघ वाकडी दिसली की पुन्हा. माझ्या त्या रेघा पुढे इतक्या सरळ यायला लागल्या, की मुंग्या त्यांवरून रांग लावायच्या.

नवऱ्याबद्दल ती बोलायची ते टोमण्यांतूनच. तो कधी बागेत आला नाही. बागेचं नाव काढलं की तोंड फिरवायचा. "म्हनतो, तू त्या झाडाशीच लगीन कर." पण जेवायला बसलो की त्याच्या गोष्टीही तीच सांगायची. त्याला म्हणे एका घोळ माशाने होडीसकट ओढत पार गुजरातेत, वेरावळपर्यंत नेलं. तिथल्या लोकांनी त्याला चहा पाजला, माशाला सोडून द्यायला सांगितलं, आणि तो त्या माशाचे आभार मानून परत आला. सांगताना तिचा घास हातातच राहायचा.

मग वादळ आलं. थोरली पडली नाही, कलली. अर्धी मुळं उघडी पडली, जाड, काळी, ओली. आम्ही टेकू लावले, माती ओढली. पण एकेक फांदी वरून वाळत येऊ लागली. पाहायला आलेले जाणकार म्हणाले, वर्षभर काढील फार तर. कुणीतरी सुचवलं, रोपवाटिकेतून चांगला चिकू आणून त्याच खड्ड्यात लावू, नजरेला काय, झाड दिसल्याशी मतलब.

बाय म्हणाली, "तुजी आय मेली तर बाजारातनं दुसरी आनशील कं?"

तिला थोरलीच हवी होती. थोरलीचं कलम, थोरलीच्याच खड्ड्यात. आणि कलमाला लागेल अशी, बोटाएवढ्या जाडीची एकच जिवंत डहाळी उरली होती.

चिकूचं कलम त्याच्याच जातकुळीतल्या रायणीच्या रोपावर होतं. रायणीचं रोप पिशवीसकट झाडापाशी न्यायचं, दोघांची साल एका बाजूने तासायची, ओल्या जखमा एकमेकींना लावून घट्ट बांधायच्या आणि काही महिने थांबायचं. याला भेटकलम म्हणतात. जखमा जुळल्या की खालून मूळ झाडाची फांदी कापायची. आधी अर्धी, मग पूर्ण. मग ती डहाळी रायणीच्या मुळांवर जगते. एवढं कुणालाही येतं. आमच्या बागेत मात्र एक जुनी रीत होती. ज्याने बांधलं त्याने कापायचं नाही, आणि जो कापील त्याने गाठ सोडायची नाही. बाय म्हणायची, बांधणाऱ्याच्या हाताला माया लागते, त्याचा कोयता उशिरा पडतो. कापणाऱ्याला घाई असते, तो गाठ ओढून काढील. म्हणून कलम दोघांचं. भांडण झालेली माणसं आमच्याकडे एका कलमाला लावत नसत.

"बांधनार मी, कापनार तू," ती मला म्हणाली. मी इतका फुगलो, की गेटातून आडवं बाहेर पडावं लागलं.

श्रावणात तिने बांधलं. डहाळी उंच होती, म्हणून आम्ही बांबूची माची उभारली आणि रायणीची पिशवी तिच्यावर ठेवली. बाकीचे माळी केळीच्या खोडाचं सोपट नाहीतर प्लास्टिकची पट्टी बांधायचे. बायने कंबरेच्या पिशवीतून जाळ्याचा दोरा काढला, बारीक, हिरवा. फेऱ्यावर फेरे घेतले आणि शेवटी अशी काही गाठ मारली, की तिचं टोक कुठे गेलं ते मला समोर उभा असून दिसलं नाही.

"ही मुरब्याची गाठ. वाऱ्याने सुटत नाय, पान्याने सुटत नाय, भांडनाने तर नायच नाय."

माचीवरून उतरताना तिने माझ्या खांद्यावर हात टेकला. आधी कधी टेकला नव्हता. तो हात मला फार हलका वाटला.

गणपतीनंतर ती रोज येईनाशी झाली. मग आठवड्यातून एकदा. यायची ती थेट माचीखाली, मान वर करून, "पान?" एवढंच विचारायची. मी म्हणायचो, "ताठ." ती पायऱ्यांवर बसून एसटीची वाट बघायची. मग तेही थांबलं. पोटात काहीतरी वाढत होतं, आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं.

दसरा झाल्यावर मी फांदी अर्धी कापली आणि तिला सांगायला मुरब्याला गेलो. पडवीत तिचा नवरा जाळं दुरुस्त करत बसला होता. माझ्याकडे त्याने पाठ केली ती केलीच. बाय आत खाटेवर. एवढीशी झालेली.

"कंपनीवाल्या, हाताचा जांभळा गेला कं रं?"

"गेला, बाय. आता घाम हिरवा येतो."

ती हसली आणि हसताना दुखलं. "कापलंस?"

"अर्धं कापलंय. अर्धं नंतर."

"पान?"

"ताठ."

"मंग मी येतेय गाठ सोडायला. कुनाला हात लावू देऊ नको."

बाहेर नवऱ्याने दातांनी दोरा तोडला, तो आवाज आत ऐकू आला. मी थापाड्या माणूस. बेडकांची वंशावळ सांगू शकतो. पण तिला "ये हं" एवढं म्हणायला मला जमलं नाही. मी नुसती मान हलवली.

ती आली नाही. दिवाळीच्या आधीच गेली.

तिचं दहावं झाल्यावर मी उरलेली फांदी कापली, कारण ते माझं काम होतं. रोप थोरलीपासून सुटलं आणि माचीवर एकटं उभं राहिलं. पान ताठच होतं. पण गाठ तशीच होती. खोड भरत चाललं आणि हिरवा दोरा सालीत रुतायला लागला. दोऱ्याच्या वर गाठाळ सूज, खाली आकसलेली कातडी. एखाद्याचा गळा हळूहळू आवळावा तसं. बाकीचे म्हणाले, ब्लेड लाव. लावायचं कुठे? दोरा सालीच्या आत गेलेला, खाली कोवळा सांधा. पातं जरा घसरलं तर थोरली कायमची संपली, कारण तोवर मूळ झाडावर एक हिरवं पान उरलं नव्हतं. मी नखाने गाठीचं टोक शोधायचो. रोज शोधायचो. सापडायचं नाही. आणि खरं सांगायचं तर, सापडलं असतं तरी माझा हात पुढे गेला असता की नाही, मला माहीत नाही. ती गाठ तिची होती. ती येते म्हणाली होती.

पानाचं टोक पिवळं पडलं तेव्हा मी मुरब्याला गेलो.

"काका, गाठ सुटत नाही. तुम्ही बघता का?"

"मी नाय येनार." जाळ्यावरची नजर वर झाली नाही. "तिचं झाड हाय. माजा काय संबंध?"

बागेतच राहिलेल्या तिच्या कंबरेच्या पिशवीतली दोऱ्याची गुंडी मी काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती बोटांत फिरवली.

"ह्यो माजा दोरा," तो म्हणाला. "इतकी वर्सं मी उंदरांना शिव्या घातल्या."

उठला, सदरा चढवला आणि माझ्यासोबत एसटीत बसला.

गेटापाशी त्याने चपला काढल्या. कशाला, मी विचारलं नाही. मी सकाळी ओढलेल्या रेघा मोडू नयेत म्हणून तो वाटेच्या कडेकडेने चालला, अंग चोरून, दुसऱ्याच्या घरात आल्यासारखा. कललेली थोरली त्याने पाहिली. इतक्या वर्षांची आपली सवत इतकी म्हातारी असेल असं त्याला वाटलं नसावं. मग तो माचीवर चढला, रोपासमोर मांडी घातली आणि डोळे मिटून गाठ चाचपली.

"उलटी टाकलीय," तो म्हणाला. "नेमी उलटी टाकायची. शंभरदा शिकवलं, पन नाय. म्हनायची, माजी अशीच." त्याचा अंगठा गाठीवरून फिरत होता. "सुलटी असती तर कुनीबी सोडली असती."

त्याने खिशातून जाळं विणायची सुई काढली आणि उलट्या बाजूने गाठीत घातली. मी श्वास धरून. इतका, की समुद्रही तेवढा वेळ थांबला असावा.

हात चालू ठेवूनच त्याने विचारलं, "हितं माज्याबद्दल काय बोलायची?"

माझ्यापाशी त्या क्षणी शेकडो गोड थापा तयार होत्या. एकही तोंडातून निघेना. मग मी तिचीच सांगितली. घोळ माशाची. होडी, वेरावळ, चहा, माशाचे आभार, सगळी.

त्याचा हात थांबला. "खोटं हाय."

"हो, काका."

"वेरावळ नाय." त्याने नाक पुसलं. "वलसाड."

आणि तो हसला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, आणि तो म्हातारा माझ्यासमोर, माचीवर, हातात सुई धरून ओक्साबोक्शी रडायला लागला. मी त्याच्या पायाशी बांबू धरून उभा होतो. माझी अवस्था लपवायला बांबू पुरेसा जाड नव्हता.

मग दोरा सैल झाला. फेरा फेरा करत त्याने तो सालीतून उचलला, जखमेवरची पट्टी काढावी तसा. खाली खोलवर वळ होता. पण वळाच्या मधोमध दोन्ही साली एक झाल्या होत्या. कुठली रायण, कुठली थोरली, सांगता येत नव्हतं.

"धरलंय," मी म्हटलं.

सुई खिशात टाकून तो दोरा बोटाभोवती गुंडाळू लागला. मी हळूच विचारलं, "काका, हा मी ठेवू?"

"दोरा माजा हाय," तो म्हणाला, आणि छातीवरच्या खिशात ठेवला.

थोरलीला त्या उन्हाळ्यात उतरवलं. रोप पावसात तिच्या खड्ड्यात लावलं. ते आज माझ्या कमरेला लागतं, आणि पायऱ्यांवरून दिसत नाही. तिथून बघितलं तर नजर अजून सरळ समुद्रात जाते, मध्ये झेलणारं काही नाही. येणाऱ्यांना मी कारंज्याची गोष्ट सांगतो, दोन वऱ्हाडांची सांगतो. खोडावरचा वळ कसला, असं कुणी विचारलं तर दंताळं उचलून दुसरीकडे जातो.

म्हातारा अधूनमधून एसटीने येतो. कडेकडेने चालतो, पायऱ्यांवर बसतो, समुद्राकडे तोंड करून. रोपापाशी जात नाही. जाताना मात्र माझ्याकडे न बघता विचारतो, "पान?"

"ताठ," मी म्हणतो.

तो छातीवरचा खिसा चाचपतो आणि चपला घालायला गेटाकडे निघतो.