वजनबाईंचं पार्सल

आमच्या मंडळात त्यांना सगळे वजनबाई म्हणत. शिवणकाम करायच्या. नवरा घड्याळजी. लग्नात त्याचा जन्म कुठला हे कुणी विचारलं नव्हतं. लढाई पेटल्यावर सरकारने विचारलं आणि परक्या मुलखातला म्हणून छावणीत नेऊन कोंडलं. माझा मुलगाही तिथेच.

कोंडलेल्यांच्या घरची आम्ही माणसं दर गुरुवारी शाळेच्या एका रिकाम्या वर्गात जमायचो. महिन्याला एक पार्सल, कापडात शिवलेलं, पाच किलोचं. चिमूटभर जास्त झालं तरी छावणीच्या फाटकातूनच परत. म्हणून काट्यावर वजनबाई. दयामाया नाही.

"आजी, बिस्किटांचा पुडा काढा."

"अगं, नातू आहे माझा!"

"नातू राहू द्या, पुडा काढा."

वर्ग खो खो हसायचा. डोळे पुसत आलेली माणसं जरा बरी होऊन घरी जायची.

बाईंचं स्वतःचं पार्सल मात्र सतत परत. वर चिठ्ठी: वजन जास्त.

"काय बाई, जगाला शिस्त आणि नवऱ्याला लाड?" आम्ही चिडवायचो. त्याही हसायच्या. असे सात महिने गेले. नवऱ्याचं पत्रही तेवढेच महिने नव्हतं.

मला वाटलं, बाईंची नजर अधू झाली. आठव्या खेपेला त्या पाणी प्यायला गेल्या, तेवढ्यात मी त्यांचं पार्सल उसवलं, लोकरीचे मोजे काढले, वजन बरोबर केलं नि जमेल तसं शिवलं. परोपकाराने छाती नुसती फुगली होती.

पार्सल परत आलं. चिठ्ठी वेगळी होती: सदर इसम सात महिन्यांपूर्वी वारला.

बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. "हा टाका माझा नाही."

"मी... मला वाटलं, एकदा तरी आत पोचेल."

"वजन जास्त असलं की फाटकातूनच परत येतं हो. आत कुणी नाव शोधत बसत नाही." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "मला पुढच्या महिन्याचं भरता यायचं."

मला मान वर करवेना.

"मोजे कुठायत?"

मी पिशवीतून काढून दिले. त्यांनी ते माझ्या मुलाच्या पार्सलात घातले. काटा पाचाच्या वर गेला. त्यांनी आतला साबण काढून माझ्या हातात ठेवला, काटा स्थिर होईपर्यंत पाहत राहिल्या.

"हे पोचायला हवं," म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. ओवला जाईना.