साबुदाण्याचा दाणा

नव्वदच्या सुमारास उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये शोभेच्या माशांचं दुकान चालवणारा एक सिंधी मासेवाला होता. शेवाळावर औषध मागितलं की त्याला रागच यायचा. आमच्या अंबरनाथच्या घरी माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हिरवं शेवाळ माजून प्रवाळ झाकायला लागलं, तेव्हा मी त्यालाच घरी आणलं. सवयीप्रमाणे त्याने पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"खाणं कोण घालतं?"

"मी," आई म्हणाली. "मुक्या जिवांना उपाशी कसं ठेवायचं?"

"उरलेलं कुजतं माताजी, त्याच्यावरच हे वाढतं. तुमचे उपास कधी?"

"सोमवार, गुरुवार, चतुर्थी."

"बस. उस दिन इनका भी उपास."

पुढच्या सोमवारी तो बघायला आला, तर टाकीच्या तळाशी साबुदाणा! उपासाला चालतो म्हणून आईने घातलेला. तो हसला नाही. बाही सरकवून त्याने दाणा न्‌ दाणा वेचला. "यांचा उपास कडक आहे, माताजी."

महिन्याभरात प्रवाळ जांभळं दिसायला लागलं. ते सांगायला मी दुकानात गेलो. म्हटलं, "आता आईसुद्धा उपासाला खिचडी खात नाही. म्हणते, ते उपाशी, मग मी कशी खाऊ?"

स्वतःच्या माशांसाठी हातात घेतलेली खाण्याची चिमूट त्याने परत डब्यात टाकली. त्या दिवशी सोमवार होता.