प्रोजेक्ट पातोडी आणि नऱ्याचा रेझ्युमे

मोसमात जिनिंगच्या आवारात कापूस येत राहतो, तसे ऑफिसात किस्से येत राहतात. कालचे उचलून होत नाहीत तोवर आजच्यांची गंजी लागते. आमच्या ऑफिसची पंचाईत वेगळीच होती. गंजी डोळ्यांपुढे, आणि तिच्याबद्दल बोलायला बंदी!

यवतमाळात एक सीए फर्म आहे. तिला आपण वैद्य सरांची फर्म म्हणू. नाव खरं नाही. काय करणार, सवय लागलीय!

कापसाची ती वाईट वर्षं होती. सरकी काढून रुई करणारी जिनिंग एकामागून एक बंद पडत होती. सर अशा अडचणीतल्या जिनिंगला भागीदार किंवा खरेदीदार शोधून द्यायचे. गेट उघडं राहिलं, की आसपासच्या गावांना कापूस लांब न्यावा लागायचा नाही. मी नुकतीच एम.कॉम. होऊन तिथे लागले होते आणि जग बदलायला फारसा वेळ लागणार नाही अशी माझी खात्री होती. मी सरांना तावातावाने म्हटलं, "सर, इतकं चांगलं काम लपवायचं कशाला? बसस्टँडवर बोर्ड लावू या!"

सर म्हणाले, "लाव. उद्यापासून त्या जिनिंगच्या दारात कापसाची एक गाडी दिसली तर सांग! विकायला निघालेल्या माणसाला माल कोण देतो?"

बोर्ड बारगळला. माझा ताव मात्र नाही.

*

गुप्ततेसाठी प्रत्येक व्यवहाराला टोपणनाव असायचं. मोठ्या शहरांत म्हणे ग्रहांची, वाघसिंहांची नावं देतात. आमचे सर ज्या दिवशी काम यायचं, त्या दिवशी घरून काकूंनी डब्यात जे दिलं असेल ते नाव द्यायचे. प्रोजेक्ट झुणका. प्रोजेक्ट वडाभात. प्रोजेक्ट पातोडी.

एकदा एका खरेदीदाराने फोनवर काळजीने विचारलं, "वैद्य साहेब, झुणक्याचं काय झालं?"

सरांसमोर दुसराच पक्षकार बसला होता. सर म्हणाले, "थोडा पातळ झालाय. पण जमेल!"

समोरचा उठताना म्हणाला, "साहेब, बेसन वाढवा."

*

प्रोजेक्ट वडाभातचे शेठ पहिल्यांदा ऑफिसात येणार होते. सरांनी बजावलं, "गाडी आणू नका. तुमची गाडी अख्खा जिल्हा ओळखतो."

शेठ राळेगावहून एसटीने आले. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांना काळा चष्मा. शेठना कधी कोणी एसटीत पाहिलंच नव्हतं, त्यामुळे सगळी बस त्यांच्याकडेच पाहत होती. कंडक्टरने तिकीट फाडतानाच विचारलं, "शेठ, गाडी बिघडली का जी?"

शेठ घाबरून म्हणाले, "हो, हो. बिघडली."

ते आमचा जिना चढले तेव्हा त्यांच्यामागून बसमधलाच एक मेकॅनिक पान्ह्यांची पिशवी घेऊन चढत होता! "तुमी मीटिंग करा शेठ, मी खाली बसतो. जाताना संगंच जाऊ, गाडी पाहून घेतो!"

*

आता नऱ्याकडे येऊ. नरेंद्र आर्णीकडचा. घरची कपाशी, तूर, सोयाबीन. दोन वर्षं तो माझ्या शेजारच्या टेबलावर होता आणि प्रत्येक व्यवहाराचा निम्मा भार त्याच्यावर असायचा. त्याला मुंबईच्या एका कंपनीत जायचं होतं. शेतमालाच्या कारखान्यांत पैसा घालणारी कंपनी! आमच्यासारखी जिनिंग वाचवायची, पण दहापट मोठ्या प्रमाणात. मला तर वाटत होतं, तो गेलाच पाहिजे.

पण दोन ठिकाणांहून नकार आला होता. विचारायचे, दोन वर्षं केलं काय? हा म्हणायचा, सांगता येत नाही. ते म्हणायचे, बरं, या.

त्यात त्याच्या बाबांनी मुदत घातली होती. "वेचणी लागेपर्यंत नोकरी लागली तं लागली. नाही तं आर्णीत मोबाइलचं दुकान टाकून देतो तुले. कव्हर विकशीन!"

नऱ्याला स्वप्नात कव्हरं दिसायला लागली होती. वेचणी तोंडावर आली होती.

*

त्याने नवा रेझ्युमे लिहिला. जिनिंगचं नाव नाही, फक्त "आर्णी रोडवरील नामांकित जिनिंग-प्रेसिंग कारखान्यासाठी नागपूरचा खरेदीदार शोधण्यात प्रमुख सहभाग." आणि परवानगीसाठी सरांपुढे ठेवला.

सरांनी पेन उघडलं. "आर्णी रोड" कापलं, कारण ओळख पटते. "नागपूर" कापलं. "नामांकित" कापलं, नामांकित एवढं एकच आहे म्हणाले. "जिनिंग" गेलं. "खरेदीदार" गेलं. "प्रमुख" गेलं, म्हणजे प्रमुख कोण होतं हा प्रश्न येतो.

शेवटी उरलं ते असं : "एका ठिकाणी एका कामात सहभाग."

नऱ्या म्हणाला, "सर, हे तं मी लग्नात पंगत वाढली होती, त्यालेबी लागू होते!"

सर म्हणाले, "उत्तम! म्हणजे कोणालाच कळणार नाही."

*

मग मी मध्ये पडले. मी म्हटलं, माणूस झाकायचा, काम नाही झाकायचं! धंदा कोणता ते लिही, तू स्वतः काय केलंस ते लिही, शेवटी काय झालं ते लिही. नाव, गाव, ओळखीच्या खुणा तेवढ्या काढ. सर नाइलाजाने कबूल झाले, पण एका अटीवर. "घरी वाचून दाखव. तुझ्या बाबांनी ओळखलं तर फाडायचा."

नऱ्याने घरी ओटीवर वाचलं : "प्रोजेक्ट पातोडी. विदर्भातील मध्यम आकाराच्या कापूस-प्रक्रिया उद्योगासाठी नवा भागीदार आणण्याच्या कामात हिशेब तपासणी व वाटाघाटींची तयारी केली. उद्योग सुरू राहिला."

बाबा म्हणाले, "हे तं नाल्याजवळचं जिनिंग!"

मामा म्हणाला, "काहीबी काय सांगून राह्यले भाऊजी? हे देवळामागचं!"

शेजारचे काका म्हणाले, "तुमाले दोघायलेबी समजत नाही. हे मारवाड्याचं!"

तिघं इतके भांडले की आईला चहा दोनदा करावा लागला. आणि तिघंही चुकले होते!

सर खूश. "आता पाठव!"

दुसऱ्याच दिवशी आर्णीत बोभाटा झाला, तीन जिनिंग विकायला निघाली. संध्याकाळी नाल्याजवळच्या मालकाचा सरांना फोन.

"साहेब, माझं जिनिंग विकून राह्यले म्हणे तुमी. कोन घेऊन राह्यलं? भाव चांगला असंल तं मलेबी सांगा ना!"

त्या दिवशी डब्यात भरीत होतं.

*

नऱ्याला मुंबईचं बोलावणं आलं. मुलाखत घ्यायला एक साहेब आणि एक मॅडम. काम काय केलं हे त्याने भराभरा सांगितलं. रुई किती निघते, सरकी कुठे जाते, मालकाचे भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर सही कशी घ्यायची!

साहेब हळूच म्हणाले, "आपल्यातच राहील. कुठलं जिनिंग?"

"सांगू शकत नाही, सर."

"तालुका तरी?"

"कापूस पिकते तिथलाच, सर."

"अहो, तुमची नोकरी यावर अवलंबून आहे!"

नऱ्याने घाम पुसला. "सर, उद्या तुमचं नाव कोणी विचारलं, तं तेबी नाही सांगणार."

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. तुमच्या सरांचा नंबर द्या. आम्ही खात्री करून घेतो."

नऱ्याने नंबर दिला. सरांना सांगायचं मात्र राहिलं.

*

दोन दिवसांनी आम्ही तिघं जेवत होतो. सरांचा फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून सरांनी कोपराने स्पीकर लावला.

"नमस्कार, मुंबईहून बोलतेय. नरेंद्र तुमच्याकडे काम करतात ना?"

सरांचे डोळे बारीक झाले. "असं मी म्हटलेलं नाही."

"म्हणजे करत नाहीत?"

"असंही मी म्हटलेलं नाही."

नऱ्या घास टाकून उभा राहिला आणि दोन्ही हात हलवायला लागला. सरांनी त्याला डोळ्यांनीच दटावून खाली बसवलं.

"त्यांनी प्रोजेक्ट पातोडीवर काम केल्याचं लिहिलंय."

"पातोडी आमच्या भागात फार छान होते."

"अहो, पण नरेंद्र नावाचा माणूस आहे की नाही?"

"यवतमाळात बरेच असतील." आणि सरांनी कोपरानेच फोन बंद केला. "पाहिलंस नरेंद्र? खबर काढायला आली होती. एक अक्षर सांगितलं नाही!"

"सर," नऱ्या म्हणाला, "ते माह्या नोकरीचं होतं..."

सरांचा घास हातातच राहिला. मला हसू येत होतं आणि रडूही. नऱ्या भिंतीकडे बघत होता. त्याला तिथे कव्हरं लटकलेली दिसत असणार.

तेवढ्यात नऱ्याचा मोबाइल वाजला. त्याने स्पीकर लावला.

"नरेंद्र, अभिनंदन! आमची खात्री झाली. एक तारखेला जॉइन व्हा."

नऱ्या नुसताच "हो, हो" करत राहिला.

"आणि एक विचारायचं होतं. मघाशी माझ्याशी बोलले ते गृहस्थ... ते नोकरी बदलायचा विचार करतील का?"

सर एकदम ताठ बसले. कॉलर नीट केली. नऱ्याने सरांकडे पाहिलं, खाकरला आणि म्हणाला,

"ते मी सांगू शकत नाही, मॅडम."